वाकडं बोट

ती यारीच्या, म्हणजे गोदीतल्या उंच क्रेनच्या, शिडीवर चढू लागली की धक्क्यावरचे हमाल एकमेकांना सांगत, "वहिनी वर निघाल्या." तिचा नवरा त्यांच्यातलाच, याच यारीचा जुना चालक. एकदा जहाजातून माल उतरवताना ओझं अवेळी खाली आलं आणि एका हमालाचा पाय चिरडला. खालून खुणा करत होता मुकादम. खुणा दोन्ही हातांनी करायच्या असा नियम. पण मुकादमाचा एक हात कायम खिशात, दुसऱ्याचं एक बोट काय ते हलायचं. चौकशीत तो छातीठोकपणे म्हणाला, "मी बोट वाकडं केलं, म्हणजे थांब. यानंच पाहिलं नाही."

नवऱ्याची नोकरी गेली. त्याहून वाईट म्हणजे तोच म्हणू लागला, "माझंच चुकलं असेल."

हे तिच्या जिव्हारी लागलं. ती यारी शिकली, परीक्षा दिली आणि हट्टानं त्याच केबिनमध्ये जाऊन बसली. मुकादमाचं खोटं तिला त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं. सरळ बोटानं तूप निघत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती गोड बोलत राहिली आणि टपून राहिली.

एक दिवस गोदीचे साहेब धक्क्यावर आले. पाइपांची मोळी हवेत होती, खाली जागा मोकळी. मुकादमानं बोट वाकडं केलं. तिनं यारी थांबवली.

वॉकीटॉकीवर तो खेकसला, "वहिनी, झोपलात का? खाली घ्या!"

"बोट वाकडं म्हणजे थांब ना, मुकादम?"

"कोण म्हणतं? वाकडं म्हणजे खाली! पहिल्यापासून! नवऱ्याला विचारा तुमच्या, त्याला बरोब्बर कळायचं!"

ते साऱ्या धक्क्यानं ऐकलं. हमालांचे हात थांबले. साहेबांनी स्वतःचा वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "मुकादम, चौकशीत तुम्ही काय सांगितलं होतं?"

मुकादमाचा दुसरा हातही खिशात गेला.

"साहेब, त्यांना जरा वेळ द्या," ती वरून म्हणाली. "आम्हीही थांबलोच होतो की."

चौकशी पुन्हा उघडायचा हुकूम तिथल्या तिथे सुटला. ती उतरली तेव्हा मुकादम पाया पडायला शिडीपाशी वाकला, तर ती त्याला ओलांडून गेली.

घरी तिनं सगळं सांगितलं. नवरा हळूच म्हणाला, "तोंड कसं झालं होतं गं त्याचं?"

"कुणास ठाऊक! वरून नुसतं टक्कल दिसतं. पण अहो, तेसुद्धा लाल झालं होतं!"

नवरा हसत सुटला.