सभासदत्व संपल्यानंतरची सही

भाऊजी,

तुम्ही गेल्यापासून तुमच्यावर चार ओळी लिहा, असं माझी धाकटी बहीण मागे लागली आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "अक्का, कशाला? कुणी वाचलं म्हणजे?" आता वाचलं तर वाचू दे. पण तुम्हाला तोंडावर सांगायला गेले असते तर तुम्ही मध्येच उठून कडी नीट लागली का बघायला गेला असता. म्हणून तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तशी सांगते.

बंदरावर दोरांचा एक मुकादम होता. जहाजावरून आलेला जाडजूड दोर झेलायचा आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला अडकवायचा, हे त्याच्या टोळीचं काम. माणूस भित्रा. कुत्रं भुंकलं की रस्ता बदलायचा. पण तिथला एक नियम त्याच्या हाडीमासी खिळला होता. पुढचा माणूस "धरला" म्हणेपर्यंत हातातला दोर सोडायचा नाही. सोडला तर जहाज भरकटतं आणि कुणाचा तरी पाय जातो.

बंदर मंडळावर कामगारांनी निवडून दिलेली एक खुर्ची असे. "हा कुणाशी भांडणार नाही," म्हणून सगळ्यांनी त्यालाच तिथं बसवलं. मग राज्याच्या विधानसभेनं नवा कायदा केला. निवडणूक बंद, यापुढे सगळे सभासद सरकार नेमणार, आणि कायदा लागू होईल त्या दिवशी जुन्यांची मुदत संपणार. बाकीचे सभासद हुश्श करून घरी गेले. नवे काही नेमले गेले नाहीत. मुकादम मात्र रोज मंडळाच्या खोलीत जाऊन बसायचा.

"अहो, तुमची मुदत संपली ना?" बायकोनं विचारलं.

"संपली. पण अजून कुणी धरलेलं नाही."

अशात एका ओहोटीला उत्तरेच्या धक्क्याचा एक खांब त्याला पाण्याच्या रेषेशी तडकलेला दिसला. वर माल उचलायची अवजड यारी, खाली माणसं. धोका दिसला तर एका सभासदाच्या सहीनं धक्का बंद करता येतो, असा मंडळाचा जुना नियम होता. त्यानं सही केली. धक्का बंद झाला.

माल उतरवणाऱ्या कंपनीचा वकील घरी आला. बोलणं तुपात घोळलेलं. "मुकादम, तुम्ही सभासद नव्हताच. नसलेल्या अधिकारानं सही करणं म्हणजे तोतयेगिरी. तुरुंग आहे हो त्याला. सही मागे घ्या, आम्ही विसरून जाऊ."

मुकादमानं वकिलाला दाराबाहेर पोचवलं आणि दोन्ही कड्या लावल्या. सही मागे घेतली तर धक्का उघडणार, आणि त्या यारीखाली त्याचीच टोळी. नाही घेतली तर बेड्या. गॅसवाल्यानं बेल वाजवली तर हा न्हाणीघरात कडी लावून बसला.

"बाहेर या! सिलिंडर आलाय, पोलीस नव्हे!" बायको ओरडली.

"आधी तू खात्री कर."

शेवटी एकदाचे नवे सभासद नेमले गेले आणि नव्या अध्यक्षांनी त्याला बोलावलं. बरोबर थोरली मेहुणी गेली, म्हणजे मी. वाटेत तो दोनदा माघारी वळला. एकदा तर मलाच म्हणाला, "अक्का, तुम्ही सांगा ना त्यांना, मला वेड लागलंय."

"मी सांगीन. पण मग धक्का उघडेल. चालेल?"

यावर तो पुढं चालू लागला.

अध्यक्षांच्या टेबलाशी कंपनीचा वकील आधीच बसला होता. "बसा" म्हटलं तरी मुकादम बसेना. बसलो तर उठता येणार नाही, असं त्याला वाटलं असावं.

"सही मागे घेता?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही साहेब."

"कायद्यानं तुम्ही कुणीच नव्हता."

"नव्हतो. पण तुम्ही पण अजून आला नव्हता. खांब तडकलाय साहेब. तुम्ही धरला म्हणा, मी सोडतो."

वकील हसला. अध्यक्ष हसले नाहीत. उद्या यारी कोसळली तर कुणाचं नाव निघेल, हे त्यांना कळत होतं. "पाहणी होईपर्यंत धक्का बंद. माझ्या सहीनं," ते म्हणाले.

"म्हणजे धरला?"

"धरला, बाबा, धरला!"

यानंतर मुकादम वाघ झाला, असं कुणी समजू नका. कंपनीनं खटला भरलाच. पाहणीत खांब आतून पोकळ निघाला, पण खटल्याला त्याचं काय! तारखा पडत राहिल्या. तारखेचा दिवस सोडला तर मुकादम कोर्टाच्या रस्त्याला फिरकेना.

आणि भाऊजी, धाकटीचं शिलाई मशीन दुरुस्तीला टाकलेलं दुकान नेमकं कोर्टासमोर. "अक्का, तुम्ही बरोबर असाल तर आणू," तुम्ही म्हणालात. एकदा तुमच्या पोटात दुखलं. एकदा लख्ख उन्हात तुम्हाला पाऊस येणारसा वाटला. शेवटच्या खेपेला आपण कोपऱ्यापर्यंत गेलो. तुम्ही कोर्टाच्या पायऱ्यांकडे पाहिलंत, माझा पदर घट्ट धरलात आणि म्हणालात, "उद्या जाऊ." मी म्हटलं, बरं, उद्या.