मधूची मेकफाइल

मधू गेल्याचं मला त्याच्या बहिणीनं, कमलनं, त्यांच्या गावाहून, धाडहून, फोन करून सांगितलं. "भाऊ, दादा गेला," एवढंच. मी मलकापूरला माझ्या संगणकाच्या दुकानात उभा होतो आणि कितीतरी वेळ नुसतं "हो… हो…" म्हणत राहिलो. दीड महिना झाला त्याला. खरं तर लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय सुटका नाही.

कमलला जन्मापासून दिसत नाही. तिला गोष्टी, बातम्या कुणाच्या विनवण्या न करता ऐकता याव्यात म्हणून मधूनं स्वतःच्या आवाजात एकेक अक्षर रेकॉर्ड केलं आणि टाइप केलेलं मराठी वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. शिकला माझ्याच दुकानात, माझ्याच पुस्तकांवरून, आणि वर्षभरात माझ्या पुढे निघून गेला लेकाचा! प्रोग्रॅमचे तुकडे कसे जुळवायचे हे संगणकाला सांगणारी एक फाइल असते, मेकफाइल. मधू ती हातानं लिहायचा. कोणत्या अक्षरानंतर किती थांबायचं, कोणतं किती लांबवायचं, ते आकडेही त्यानं तिच्यातच कोंबले होते. "दादा, हे तू बोलल्यावानी नाही वाटत," असं कमल म्हणाली की हा पुन्हा एखादा आकडा बदलायचा. तीन वर्षं हेच चाललं होतं.

मी दीडशहाणा. पुण्याहून कोर्स करून आलो होतो. तिथं मशीन तपासून मेकफाइल आपोआप लिहून देणारी स्क्रिप्ट शिकलो होतो. "हातानं काऊन मरून राह्यला बे?" म्हणून त्याला छळायचो. तो म्हणायचा, "तुह्या स्क्रिप्टले मशीन समजते. कमल कशी समजन तिले?" एकदा तो चहा सांगायला बाहेर गेला आणि मी गंमत म्हणून त्याच्याच मशीनवर स्क्रिप्ट चालवली. तिनं नवी मेकफाइल लिहिली… जुनीच्याच नावानं, जुनीच्याच जागी. जुनी पुसली गेली, आणि तिची दुसरी प्रत नव्हती.

मधू आला, पडद्याकडे बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "जाऊ दे बे, झालं ते झालं," म्हणाला. नंतर दोन-तीनदा त्यानं आकडे आठवून पाहिले, जमलं नाही. मग त्याचं मनच उठलं. आधी तयार झालेला प्रोग्रॅम कमलच्या जुन्या संगणकावर चालत होता, तेवढाच उरला.

मधूमागोमाग तो संगणकही बंद पडला. कमलनं बोलावलं. प्रोग्रॅमचे तुकडे आणि अक्षरांची रेकॉर्डिंगं माझ्याकडे होती. नवं मशीन घेऊन धाडला गेलो आणि स्क्रिप्ट चालवली. स्क्रिप्टनं एकही चूक दाखवली नाही. प्रोग्रॅम बोलायला लागला. आवाज मधूचाच, पण अक्षर न् अक्षर सुटं, घाईघाईचं, कुणी धमकावून बोलायला लावल्यासारखं. कमल मान तिरकी करून ऐकत होती.

"हा दादा नोहे, भाऊ. बंद करा."

केलं बंद. माझा चेहरा तिला दिसत नव्हता हेच नशीब. तीच म्हणाली, "तुमी काऊन वाईट वाटून घेता? ते आकडे दादाच्याच हातानं पुसल्या गेले ना. त्यानंच सांगतलं मले. लय रडला होता त्या दिवशी."

खरं न सांगताच मी मलकापूरला परत आलो. हे छापून आलं की शेजारचं कुणीतरी तिला वाचून दाखवेल.