टेलरमास्तर आणि परवासाहेब

मास्तरांच्या दुकानात कापड टाकलं की कापड आणि गिऱ्हाईक दोन्ही जुनी व्हायची. "झालंच आहे, नुसती बटणं राहिलीत," हे मास्तर इतक्या मायेनं म्हणत, की माणूस हात हलवत, पण समाधानानं घरी जाई. शिलाईत त्यांना कोणी वरचढ असेलही. थापांत अख्ख्या गल्लीत कोणी नव्हतं.

असा माणूस कर्ज फेडायला गेला आणि शेराला सव्वाशेर भेटला.

झालं असं, की बायकोच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि घर तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरायचं तर ती आदल्या दिवसापासून मनाची तयारी करी. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना वरचा उजेड हवा होता. घरांची अदलाबदल करू म्हणाल्या, पण थांबणार महिनाअखेरपर्यंतच. पुढं दुसरं कोणी तयार होतं. मास्तरांचं घर गहाण. उरलेलं कर्ज एकरकमी फेडून कागद सोडवायचे. पैसे तयार होते, पण भरायचे नेमके किती, तो आकडाच कर्जकंपनी देईना. आणि आकडा नाही तोवर व्याज चालू. घोडं पेंड खात होतं ते इथं.

कंपनीतला साहेब तरुण, जिभेवर साखर. मास्तर गेले की पाणी मागवी, तब्येत विचारी आणि म्हणे, "झालंच आहे काका, नुसती वरच्यांची सही राहिलीय. परवा या." मास्तरांनी त्याचं नावच परवासाहेब ठेवलं आणि घरी येऊन वर त्याचंच कौतुक: काय सफाई, काय निष्पाप चेहरा!

बायको म्हणाली, "कौतुक पुरे. तुमच्याकडून वेळेवर कपडे आजवर कोणी नेलेत, ते आठवा."

आठवली ती एकच, दवाखान्यातली नर्स. भांडली नाही, ओरडली नाही. स्टुलावर बसली आणि कापड टाकायला येणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा मारत राहिली. त्या दिवशी मास्तरांनी जेवणसुद्धा लांबवून तिचा ड्रेस पुरा केला होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं दार उघडायला आणि मास्तर पोचायला एकच गाठ. सोफ्यावर बैठक, मांडीवर पँट, हातात सुई, तुरपाई सुरू. नवं कर्ज घ्यायला एक जोडपं आलं. मास्तर आपुलकीनं म्हणाले, "घ्या, घ्या. फार चांगली माणसं. देताना आठवड्यात देतात. परत घेतानाच जरा लाजतात."

जोडप्यानं एकमेकांकडे पाहिलं आणि अर्जाची घडी पर्समध्ये गेली. पाठोपाठ आलेला बेकरीवाला तर उभ्या उभ्याच परतला. परवासाहेब धावत आला, काकांनी आत बसावं म्हणाला.

"नको," मास्तर म्हणाले, "इथं माणसं भेटतात."

दुपारच्या चहाआधी वरच्यांची सही खाली उतरली. मास्तरांनी तिथल्या तिथं पैसे भरले आणि पुन्हा सोफ्यावर येऊन बसले. आता काय राहिलं, असं साहेबानं घाबरत विचारलं. "घराचे कागद. सावकाश होऊ द्या, या पँटचा दुसरा पाय बाकी आहे." कागद मुख्य कचेरीतून महिनाअखेरच्या आत आले, इतक्या लवकर ते कधी आले नव्हते, असं तिथला शिपाई अजून सांगतो.

तळमजल्यावर सामान लागलं त्या संध्याकाळी मास्तरांची बायको सारखी बाहेर जात होती आणि परत येत होती. शेजारीण म्हणाली, "काही हरवलं का हो?"

"छे," ती म्हणाली, "नुसतीच जातेय." आणि पुन्हा निघाली.