अंगद मिस्त्रींचा भाकरीच्या मापाचा ओटा

आमच्या स्वयंपाकघरातला लाकडी ओटा वीतभर उंच झाला, आणि तो पराक्रम सर्वस्वी माझा. अंगद मिस्त्रींचा त्यात काडीचाही दोष नाही, हे त्यांनी स्वतः आमच्या अर्ध्या सिरसाळा गावाला सांगून झालंय.

मिस्त्रींकडं टेप आहे, पण तो पाठ खाजवायला. ओट्याचं माप ते भाकरीवर घेतात. विटांच्या दोन थप्प्यांवर फळी मांडायची, घरात सैपाक करणाऱ्या माणसाला तिच्यावर खरीखुरी ज्वारीची भाकरी थापायला लावायची, आणि खांदा न उचलता हात चालेस्तोवर विटा काढत-घालत राहायचं. जमली की तीच ओट्याची उंची. ती भाकरी नंतर मिस्त्रीच खातात. त्यामुळं कालवण चांगलं असेल तर माप पुन्हा घ्यावं लागतं.

ओटा हवा होता माझ्या बायकोला, शिवकन्येला. खाली बसून भाकरी थापायला तिचे गुडघे आता तयार नव्हते. नेमकी मापाच्या दिवशी ती गुडघे दाखवायला बीडला गेलती.

"सैपाक कोण करतंय हितं?" मिस्त्रींनी विचारलं.

"मीच," मी बाह्या सरसावत ठोकून दिलं. त्यांची खेप कशाला वाया घालवायची!

"बसवराजअप्पा, खरंच?"

"म्हणजे काय!"

मी थापली, विटा जुळल्या, आणि मिस्त्रींनी चाखायच्या आत ती भाकरी मी गुपचूप कुत्र्याला घातली. आता, मी दारातून वाकून जाणारा माणूस. शिवकन्या माझ्या शर्टाच्या खिशापाशी संपते.

पुढं आठवडाभर मिस्त्री बाभळीच्या फळ्यांशी भांडले. रंधा मारताना "सरळ ऱ्हा बे!" म्हणून दटावायचे, झाली सरळ की थोपटायचे. खिळा एक नाही, सगळं लाकडात लाकूड बसवलेलं. पीठ सांडू नये म्हणून कडेनं बोटभर काठ. तेल पाजून झाल्यावर त्यांनी शेळ्या घेऊन चाललेल्या राधाकिशनला आत ओढलं आणि त्याचा गाल ओट्यावर टेकवला. "कसं लागतंय, सांग!" शेळ्या तोवर आमची तुळस चाखत होत्या.

शिवकन्या ओट्यापुढं उभी राहिली. कोपर टेकवायला गेली तर खांदे कानाला लागले.

"अहो, हे काय दुकानाचं काउंटर हाय? पावशेर साखर द्या मला."

"पायाखाली पाट घे की."

"गॅसपुढं पाटावर काहून उभं करता मला? पडले म्हंजी गुडघ्यांबरोबर डोस्कं पण बीडला न्यावं लागंल."

मिस्त्रींना बोलावलं. ओट्याचे पाय वीतभर कापा म्हणालो, तर पोटच्या पोराचे पाय मागितल्यासारखे बघायला लागले.

"वैनी, सैपाक हेच करतेत म्हणले मला."

"असं का?" म्हणत शिवकन्येनं खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

मिस्त्रींनी निवाडा दिला. "अप्पा, थापा एक भाकरी. खायजोगी न्हाई झाली, तर आत्ता पाय कापतो."

मला हायसं वाटलं. वाईट भाकरी करायला मला मुद्दाम काही करावं लागत नाही. एका बाजूनं ती उशीएवढी जाड झाली, दुसऱ्या बाजूच्या भोकातून गॅसचा जाळ दिसत होता.

"खांदा बघा, कसा हलका चाललाय ह्यांचा!" शेंगा फोडत शिवकन्या म्हणाली.

मिस्त्रींनी घास बराच वेळ चावला. मग तांब्याभर पाणी प्याले.

"पटलं ना?" करवत त्यांच्या हातात देत मी विचारलं, "आता कापताय?"

"न्हाई, तुमी भाकरी शिका."