जुलाबाचं मीठ आणि विहिरीचा वाटा

१६ एप्रिल १९७३, सोमवार. चुलीतली राख काढून झाली आणि मी सासूबाईंसाठी जुलाबाचं मीठ विरघळवायला घेतलं.

त्यांना आठवडाभर परसाकडे झालं नव्हतं. त्या दुष्काळात ही तक्रार घरोघरी होती. रेशनच्या तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी खायची, हिरवं पान दृष्टीला पडायचं नाही आणि पाण्याचा टँकर येईल तेव्हा खरा. पण सासूबाईंनी आता जेवणही सोडलं होतं. म्हणून शनिवारी मी कर्जतला डॉक्टरांकडे जाऊन आले होते. त्यांनी आधी मलाच उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं. पोटात कळ उठते का? उलटी होते का? पोट फुगलंय का? लघवी होते ना? मूत्रपिंडाचा आजार कधी कोणी सांगितला होता का? माझी उत्तरं ऐकून मगच त्यांनी मिठाची पुडी बांधली.

"तरुण माणसाला दोन चमचे देतो," ते म्हणाले. "यांना एकच, तोही सपाट. तांब्याभर पाण्यात. आणि नंतर दिवसभर पाणी पाजायचं. हे मीठ अंगातलं पाणी आतड्यात ओढून घेतं, त्यानं मळ भिजतो. वरून पाणी गेलं नाही तर ते माणसालाच पिळून काढेल. एकदाच द्या. नाही झालं तर दुसऱ्यांदा आपल्या मनानं देऊ नका, मला दाखवा."

"पाण्याचीच तर बोंब आहे, डॉक्टर."

"मग मीठही नको."

म्हणून मी टँकरच्या पाण्यातली एक कळशी सासूबाईंच्या नावानं बाजूला काढली आणि घरात बजावलं की तिला कोणी हात लावायचा नाही. घरात आम्ही तिघीच होतो. पुरुष खडी फोडायच्या कामावर, जनावरं छावणीत. माझी धाकटी जाऊ कळशीकडे बघून म्हणाली, "आक्का, पोट साफ व्हायला एवढं पानी मिळतंय व्हय? मंग मला बी कालपास्नं गच्च झालंय बगा."

सासूबाईंनी मिठाच्या पाण्याचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "जहर हाय नुसतं. सासूचा काटा काढतीस काय गं?"

"काढायचा असता तर कर्जतपर्यंत तंगडतोड कशाला केली असती, आत्याबाई? प्या."

त्या सगळं प्यायल्या. मग मी साध्या पाण्यानं तांब्या भरून हातात दिला. "पिते की," असं म्हणून तो घेऊन त्या मळ्याच्या बाजूला गेल्या. तांब्या घेऊन निघालेल्या बाईला आमच्याकडे कोणी हटकत नाही. त्यातून त्या दिवशी तर त्यांना तांब्या घेऊन जाताना बघायलाच मी बसले होते. थोड्या वेळानं परत आल्या, भरून घेतला, पुन्हा गेल्या. सकाळ टळता टळता त्यांनी सांगितलं की मोकळं झालं. पुढच्या खेपेला म्हणाल्या, नुसतं पाणीच होतंय. मी कळशीत डोकावले. बरीच खाली गेली होती. म्हातारी नीट पाणी पितेय, असं समजून मी निवडण टिपण करायला बसले.

दुपारी त्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. समोर कोणी नव्हतं. त्या मात्र अंग चोरून जागा करून देत होत्या.

"सरकून बसा की, थोरल्या बाई," त्या म्हणाल्या.

थोरल्या बाई म्हणजे त्यांच्या सासू. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या नव्हत्याच. मी विचारलं, "कोणाशी बोलताय?"

"तुझ्यासाठीच आल्यात. तिला वाटा दिला का, इचारत्यात."

मी हात धुऊन त्यांच्याजवळ गेले. ओठ फुटले होते. जीभ काढायला लावली तर ती उन्हात वाळलेल्या चामड्यासारखी. मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. एवढी कळशी रिकामी होत आली आणि या बाईच्या अंगात थेंब नाही, हे कसं? मी गूळ आणायला आत वळले तेवढ्यात त्या उठल्या. कळशीतलं उरलंसुरलं पाणी तांब्यात ओतून घेऊन बाहेर पडल्याही.

या वेळी मी मागून गेले.

गावात आवाज म्हणून नव्हता. गोठ्यातल्या घंटा नाहीत, पाखरू नाही. इतकं लख्ख ऊन होतं की झाडाखालीसुद्धा सावली धरत नव्हती. सासूबाई आठवडाभर उपाशी असलेल्या बाईसारख्या चालत नव्हत्या. कोणी हाताला धरून नेल्यासारख्या चालत होत्या. त्या आमच्या विहिरीवर गेल्या. ती विहीर दिवाळीपासून कोरडी ठाक होती, तळाचा खडक वरून दिसायचा. काठावर त्या बसल्या आणि तांब्या कलता केला. पाण्याची बारीक धार आत गेली.

मग खालून आवाज आला. पाणी दगडावर पडल्याचा नव्हे. फार तहानलेल्या माणसानं मोठा घोट गिळावा, तसा.

मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"थांब," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पितीया ती."

"आत्याबाई, हे पाणी तुमचं होतं."

"माजंच हाय. म्हनून तर देते. इहीर आटली की घरातल्या थोरल्या बाईनं आपला वाटा तिला द्यायचा. न्हाईतर ती पान्याला इसरती. थोरल्या बाईंनी दिला, आता मी देते. लई दिवस देतीया."

तेव्हा मला सगळं कळलं. आठवडाभर मळ का अडला, ते. आणि मिठानं आज काय केलं, तेही. बाहेरून पाणी मिळालं नाही म्हणून ते अंगातलं ओढत बसलं होतं. मी विहिरीत बघितलं. तळ कोरडा होता. भिजल्याचा डागसुद्धा नव्हता.

मी त्यांना जवळजवळ उचलूनच घरी आणलं. जाऊ घाबरली होती. म्हणाली, "आक्का, अजून एक चमचा द्या. पोट पुरतं धुऊन निघालं म्हंजी डोकं ठिकानावर यील."

"पुडी चुलीत टाक," मी म्हणाले. "आणि शेजारून मिळेल तेवढं पाणी माग."

कर्जतची गाडी निघून गेली होती. अंधार पडेपर्यंत लघवी झाली नाही तर बाजेवर घालून गावातल्या चौघांच्या खांद्यावरून न्यायचं, असं मी ठरवलं. उकळून निववलेल्या पाण्यात गूळ आणि चिमटीभर घरचं मीठ घातलं आणि चमचा त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी दात आवळले.

"माजा वाटा तिचा हाय."

मी समजावलं, रागावले. जावेनं पाया पडून बघितलं. दात सुटेनात. डोळे मात्र उंबऱ्याकडे लागलेले. शेवटी मी विचारलं, "थोरल्या बाईनंच द्यायचा ना? मग आजपासून घरातली थोरली मी. तुम्ही आजारी आहात. उद्यापासून माझ्या वाट्याचं मी देते."

त्या बराच वेळ उंबऱ्याकडे बघत राहिल्या, जणू तिथल्या कोणाला विचारत होत्या.

"भांडी इसळल्यालं पानी द्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही देणार."

"आपल्या हातानं."

"माझ्या हातानं."

तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. मी एकेक चमचा घालत गेले. एक गिळला की दुसरा. घाई केली असती तर उलटून पडलं असतं. दिवेलागणीला जावेनं त्यांना धरून मागे नेलं आणि तिथूनच ओरडली, "झाली, आक्का!" एवढ्या आनंदानं ती माझ्या मुलाच्या बारशालाही ओरडली नव्हती. थोड्या वेळानं सासूबाई मला नावानं हाक मारू लागल्या, आणि गूळ जास्त झालाय अशी कुरकूरही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना समोर बसवून मी आधी तांब्याभर पाणी पाजलं, तोंड उघडायला लावून आत बघितलं. मग माझा तांब्या भरून घेतला आणि विहिरीवर गेले. काठापासून हातभर लांब उभी राहून पाणी आत ओतलं. ते खाली पोचायच्या आत मी पाठ फिरवली आणि भाकरी टाकायला घरी आले.