लंबूसाहेबांचा सीझन

बसलेला माणूस उठतो, हे आपण रोज पाहतो. पण बसता बसताच उठणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आमच्या लंबूसाहेबांची पाठ खुर्चीला टेकायच्या आत त्यांना काहीतरी आठवे, आणि ते उभे राहत. उभे राहिले की मळवलीच्या त्या बंगल्यातला व्हरांड्याचा दिवा त्यांच्या कपाळाला लागे. दिवा हलायला लागला की मी स्वयंपाकघरातून ओळखत असे, साहेब उठले. दिवा थांबला की काळजी वाटे, साहेब गेले कुठे? कारण उठलेले साहेब कधी रुळांच्या कडेकडेनं लोणावळ्यापर्यंत चालत जात, कधी पलीकडच्या खिंडीतून बेडशाच्या लेण्यांकडे, आणि मी भाताचं आधण कमीजास्त करत दाराशी उभा. मला तसं काळजी करायला कारण लागत नाही. पाथर्डीकडचा माणूस मी. दुष्काळाच्या वर्षी सातवीतून शाळा सुटली आणि एका लांबच्या मामानं मला या बंगल्याच्या राखणीला आणून सोडलं. मालक मुंबईचे. वर्षातून चार वेळा यायचे आणि पहिल्यांदा फरशी बघायचे, मग मला.

साहेब आले ते मालकांच्या ओळखीनं, भाड्यानं. अमेरिकन साहेब येणार म्हणून मी डोळ्यांपुढे गोरापान माणूस आणला होता. पॅसेंजरच्या डब्यातून आधी एक वहाण उतरली, मग बऱ्याच वेळानं गुडघा, आणि मग वाकून वाकून डोक्यासकट साहेब. रंगानं आमच्या कुणाहूनही काळे. शेजारच्या झोपडीतली ठकूमावशी करवंदांची पाटी घेऊन त्याच फलाटावर उभी होती. तिनं पायांपासून वर बघायला सुरुवात केली, मान पुरेना तेव्हा पाटी खाली ठेवली आणि निकाल दिला, "ह्यो कसला सायेब? आपल्यातलाच हाय. नुसता ताणलाय."

तेव्हापासून ती त्यांना लांब्या म्हणायला लागली, आणि ते तिला मावशी. मराठी ते तिच्याकडूनच शिकले, म्हणजे मावळातलं, एकदम खालच्या आळीचं. पहिल्यांदा मालक भेटायला आले आणि त्यांनी छापील इंग्रजीत प्रकृती विचारली, तेव्हा साहेब म्हणाले, "लय ब्येस. हितं लय वारा." मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू फरशी फुटली.

त्यांचा धंदा काय, हे गावाला पटवता पटवता माझी जीभ झिजली. चेंडू टोपलीत टाकायचा. हाच धंदा? हाच. त्याचा पगार? मिळतो. साहेबांच्या देशात म्हणे त्यांच्याहून उंच माणसं निघाली, इतकी की हे तिथं बुटके ठरले. मग दुसऱ्यांच्या देशात जाऊन खेळणं आलं. इटली झालं, बेल्जम झालं, स्पेन झालं, मध्ये कुठलीशी बेटं झाली. एक क्लब एक हंगाम ठेवून घ्यायचा, हंगाम संपला की पेटी भरायची. शेवटच्या हंगामात उडी मारून खाली येताना डावा गुडघा दुखावला. डॉक्टरांनी कापला, शिवला, बरा झाला म्हणून सांगितलं. पण साहेबांचा त्याच्यावरचा भरवसा उडाला तो उडालाच. कुणीतरी सांगितलं, लोणावळ्याला योगवाले आहेत, ते गुडघ्यापेक्षा मन शिवतात. म्हणून हा माणूस आमच्या मळवलीत.

योगवाल्या गुरुजींचे हाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत, कारण सोबतीला मीच जात असे. बाकी आसनं साहेबांना जमत, अडायचं ते शवासनाशी. सगळे निपचित पडलेले, आणि मध्येच साहेबांचा अंगठा ठेका धरी. गुरुजी फार सोशिक. एकदा मात्र जवळ बसून हळूच म्हणाले, "अहो, प्रेत असं ताल धरत नाही." मी ते साहेबांना माझ्या सातवीच्या इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी डोळे न उघडता विचारलं, मग प्रेताला कंटाळा येत नाही का? गुरुजींनी मला बाहेर बोलावून सांगितलं की गुडघा ठणठणीत आहे, अडचण वरच्या मजल्यावर आहे.

ते खरंच होतं. साहेब चालत, पळत, डोंगर चढत, दिवसभर व्हरांड्यात चेंडू आपटत. एवढा की चेंडू थांबला तर शेजारपाजारचे विचारायला येत, बरं आहे ना. फक्त उडी मारत नसत. परसातल्या जांभळीला त्यांनी उंचावर एक पाटी बांधली होती. पाय जमिनीला चिकटवून ते तिच्यात चेंडू टाकत आणि खाली आलेला पुन्हा उचलत. उडी न मारणारा त्यांच्या धंद्यातला माणूस म्हणजे विळ्याशिवाय भात कापणारा, हे मलाही कळायचं.

ती पाटी मावशीची. तिच्याकडून नवीकोरी मागून घेतली आणि साहेबांनी तिचं बुड कापून टाकलं. मावशीनं ते पाहिलं तेव्हा ती जांभळीखालीच बसली. तिचा सगळा जन्म पाटीवर. मे महिन्यात करवंदं-जांभळं, पुढं रानभाज्या, सगळं पाटीत घालून लोणावळ्याला. पाटी रिकामी टांगायची नाही, कुणाची परत करायची तर रिकामी करायची नाही, चार दाणे तरी आत हवेत, हा तिचा नेम. "बुडाबिगर पाटी म्हंजी काय टाकलं तरी खाली," ती म्हणाली. "आसल्या धंद्यात बरकत कुटून यायची रे लांब्या?" मी साहेबांना उलगडून सांगितलं. ते हसले नाहीत. वरच्या पाटीकडे बघत म्हणाले, मावशीला सांग, मला इतक्या वर्षांत हे एकाही कोचनं सांगितलं नाही.

एके दिवशी मालकांचा माणूस निरोप घेऊन आला. इटलीतल्या एका क्लबाचा माणूस पूर्वेकडे कुठं गेला होता. परतताना मुंबईला विमान बदलणार होता, तेवढ्यात मोटारीनं येऊन साहेबांचा गुडघा बघून जाणार. पसंत पडला तर एक हंगाम. साहेब तिशी ओलांडून बरेच पुढं गेलेले. हा माणूस मान हलवून गेला तर पुन्हा कोणी विचारणार नाही, हे त्यांनीच मला भांडी विसळता विसळता सांगितलं. भांडी विसळायला ते मधूनमधून येत, बसवत नाही म्हणून. मग विचारलं, तू घरी कधी जाणार? मी माझं ठरलेलं उत्तर दिलं, जे दर पत्रात आईला लिहीत असे: सीझन संपला की. साहेब एकदम वळले. "सीझन? तू पण?"

आता सीझन हा शब्द आमच्याकडे लोणावळ्याचा. मुंबईची माणसं हवा खायला आली की सीझन, गेली की संपला. मावशीच्या करवंदांचा तोच सीझन, माझ्या बंगल्याचा तोच. साहेबांचा वेगळा, हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी दोघांचा एकच असल्यासारखं वाटलं खरं. मावशीला मी सांगितलं की साहेबांना एक सीझन मिळणार आहे, तेव्हा ती खूश झाली. म्हणाली, "मंग हाय कुटं लांब? सीझन सरला की ईल माघारी."

क्लबाचा माणूस आला तो पांढऱ्या सदऱ्यात, बुटका आणि घाईतला. साहेब सकाळपासून इतके चालले होते की परसात पाऊलवाट पडली होती. मालकही आले होते आणि फरशीकडे बघत होते. साहेबांनी जांभळीसमोर उभं राहून, पाय जमिनीला चिकटवून चेंडू टाकला. चेंडू सरळ पाटीत गेला.

आणि खाली आलाच नाही.

आम्ही सगळे वर बघत उभे. पाव्हणा घड्याळ आणि पाटी आळीपाळीनं बघत होता. मी कुंपणाकडे वळलो, तर मावशी पदर सावरून उभी. मग उलगडा झाला. पाव्हणा येणार आणि बिनबुडाची, रिकामी पाटी टांगलेली, हे तिच्या मनाला पटेना. पहाटे ती जांभळीवर चढली, बांबूच्या कांबी घालून पाटीला बुड विणून आली. आणि नुसतं बुड नको, पाटी भरलेली दिसावी म्हणून आत ओंजळ-दोन ओंजळ करवंदं. आता कुंपणाशी उभ्यानंच मला डोळ्यांनी विचारत होती, बरं केलं ना?

मला वाटलं, संपलं. आता साहेबांचं इटली गेलं आणि, राखण माझी म्हणून, माझी मळवलीची नोकरी. मी काठी आणायला पळणार, तेवढ्यात साहेब माझ्या अंगावरून गेले. विचार करायला त्यांना वेळच झाला नाही. चेंडू अडकला तर काढायचा असतो, एवढंच त्या शरीराला ठाऊक. दोन ढांगा टाकून डाव्या पायावर उडाले, कोपरापर्यंत हात पाटीत घालून चेंडू उपसला आणि त्याच डाव्या पायावर खाली आले. बरोबर करवंदं आली. अर्धी साहेबांच्या डोक्यावर, अर्धी पाव्हण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. साहेब आपल्या गुडघ्याकडे असे बघत होते, जणू तो वाट चुकून पुष्कळ दिवसांनी घरी आला होता.

पाव्हण्यानं सदऱ्यावरचं एक करवंद उचललं, खाल्लं, तोंड आंबट केलं आणि साहेबांचा हात हातात घेतला.

साहेब निघाले त्या सकाळी चार वेळा उठबस करून त्यांनी चहा घेतला. फलाटावर मावशी आली होती. साहेबांनी जांभळीवरची पाटी सोडून आणली होती, तिचं बुड तसंच होतं. पाटी परत करायची तर रिकामी नाही, हे शिकले होते ते. आत त्यांनी आपला तो जुना चेंडू ठेवला आणि पाटी मावशीच्या हातात दिली. "एक सीझन, मावशी," ते म्हणाले. मावशी म्हणाली, "जा बाबा. करवंदं हायतीच."

मालकांनी मला काढलं नाही. जाताना साहेबांनी त्यांना काय सांगितलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण त्या दिवसापासून मालक आल्यावर आधी मला बघतात आणि मग फरशी. एवढं ऋण माझ्यावर आहे आणि फेडायची जागा नाही. म्हणून मी माझ्यापुरतं एक करतो. मावशीच्या ओसरीवर टांगलेल्या पाटीतला चेंडू हळूहळू बसत जातो. साहेबांचा चेंडू असा बसलेला बघवत नाही. मग मी स्टेशनवरच्या सायकलवाल्याकडून पंप आणतो आणि सुई लावून त्यात हवा भरतो.

परवाही भरत होतो. लोणावळ्याची गर्दी ओसरली होती. पंपाच्या आवाजानं मावशी बाहेर आली आणि नेहमीसारखं विचारलं, "लांब्याचा सीझन लय लांबला न्हाई?"

"संपेल मावशी," मी म्हणालो. "त्यांच्याकडचे सीझन मोठे असतात."

ती माझ्या हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, "आन तुजा रं?"

चेंडू टणक झाला होता. तरी मी पंप मारतच राहिलो.