बिरूचं उंबराचं रोप

चूक माझी होती. आधी एवढं लिहून टाकतो, कारण माझा स्वभाव मला ठाऊक आहे — एकदा आजूबाजूचं सांगायला लागलो की मुख्य गोष्ट राहून जाते. बिरूचं रोप बिरूच्या हातानं मेलं नाही. ते मी मारलं. हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं, पण फार उशिरा. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं — तसं काही जात नाहीये.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दुसरी थंडी होती. साताऱ्याच्या एका शाळेत आम्ही तिघं मास्तर होतो. मी विज्ञान शिकवायचो. जयसिंग ड्रिलचा मास्तर, कऱ्हाडकडचा — घरी ऊस, दोघं भाऊ फौजेत, आणि आवाज असा की मैदानावर त्याला शिट्टी लागायची नाही. बिरू चित्रकला शिकवायचा. तो म्हसवडजवळच्या एका वस्तीवरचा. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, वडिलांनी विहीर पाडून शेती धरली, आणि बिरू शिकून आमच्यात आला.

बिरूच्या हाताला यश होतं. त्यांच्या भागात असं मानतात — काही माणसांनी लावलेलं झाड जगतंच. कुणाला नवी बाग धरायची असली की पहिलं रोप अशा माणसाला बोलावून त्याच्या हातून लावून घेतात. शाळेच्या कुंपणाची झाडं त्यानंच लावलेली, ती दुष्काळातही तगली. शिपायापासून हेडमास्तरांच्या मंडळींपर्यंत सगळे गुलाबाची कलमं घेऊन त्याच्याकडं यायचे. मला ह्याची गंमत वाटायची. गंमत, आणि खरं सांगायचं तर कुतूहल. हातात असं काय असतं? घाम? उष्णता? की नुसती माती नीट दाबायची सवय? मी त्याच्या हातांकडं चोरून बघायचो. जाड बोटं, नखांत रंग. काहीच वेगळं दिसायचं नाही.

सांगलीला विश्रामबागेत कुसुमताई नावाच्या एक बाई शनिवार-रविवार बोन्साय शिकवणार आहेत, हे वर्तमानपत्रात मीच वाचलं. मुंबईत राहून त्या ही विद्या शिकल्या होत्या. मी दोघांच्या मागं लागलो.

"झाडं खुजी करायची शाळा?" जयसिंग म्हणाला. "गड्या, पोरं उंच व्हावीत म्हणून मी रोज घसा फोडतोय, आन् तुमी खुजी करायला शिकताय व्हय?"

बिरू हसून म्हणाला, "आमच्या माण तालुक्यात पान्याबिगर समदी झाडं खुजीच हायती. त्या बाईंनाच तिकडं न्यायला पायजे."

पण आला. प्रत्येकानं भिंतीत किंवा फटीत उगवलेलं एक रोप आणायचं होतं. मी शाळेच्या भिंतीतला पिंपळ काढला. जयसिंगनं वड आणला. बिरूनं म्हसवडला जाऊन उंबर आणला — त्यांच्या विहिरीच्या दगडांत उगवलेला. दुष्काळात ती विहीर कोरडी पडली, तरी हे बोटभर जाडीचं रोप हिरवं राहिलं होतं. त्याची आई रोज आत डोकावून ते बघायची. ते हिरवं आहे म्हणजे खाली कुठंतरी ओल आहे, असा तिचा हिशेब. पुढं विहिरीला खरंच पाणी आलं. अशा रोपाला ती कशी हात लावू देणार? उंबर दत्ताचं झाड, त्याला कुणी तोडत नाही. बिरूनं तिची समजूत घातली — तोडत नाही आई, सांभाळायला नेतोय. शेवटी ती एवढंच म्हणाली, "ने. पर जगीव बाबा." हे त्यानं मला गाडीत सांगितलं. रोप ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच्या मांडीवर होतं. कंडक्टरनं विचारलं, "ह्याचं अर्धं तिकीट फाडू का मास्तर?" सगळी गाडी हसली, आणि बिरूही हसला. पण हात गोणपाटावरून काढला नाही.

कुसुमताईंच्या बंगल्यामागं कठड्यावर झाडं मांडलेली होती. तुम्ही कधी वीतभर उंचीचा वड पाहिलाय? पारंब्यांसकट? आम्ही त्याच्याभोवती लहान पोरांसारखे फिरलो. जयसिंग तर सरळ पोटावर आडवा झाला आणि खालून बघत म्हणाला, "ह्याच्या सावलीला कोन तरी बसलेलं दिसंल असं वाटतंय रं." मी प्रश्न विचारून ताईंना भंडावून सोडलं. पानं लहान कशी होतात? झाडाला आपण कुंडीत आहोत हे कळतं का? मूळ कापलं तरी झाड पाणी कशातून पितं? त्या हसून म्हणाल्या, "मास्तर, थोडं झाडालाही ठरवू द्या."

मग मूळ छाटायची वेळ आली. मधलं सोटमूळ कापायचं, बाजूची बारीक मुळं राखायची. मी कापलं, जयसिंगनं कापलं. बिरूची कात्री थांबली. त्यानं ते मूळ कपाळाला लावलं, डोळे मिटले आणि मग कापलं.

ताईंच्या उथळ कुंड्यांत रोपं लावून झाली. जाताना त्यांनी बजावलं: घरी एकदा ठेवली की नवं पान फुटेपर्यंत कुंडी हलवायची नाही, मातीला हात लावायचा नाही. नवं पान आलं की समजायचं, मूळ धरलं.

बिरूची खोली पत्र्याची, दुपारी तापायची. माझ्या घराला पूर्वेचा सावलीचा ओटा. म्हणून त्याची कुंडी माझ्याकडं आली. "तुमच्याकडं हाय म्हंजे मला घोर न्हाई," तो म्हणाला. शाळेत रोज विचारायचा, "काय म्हणतंय आमचं उंबर?"

आता इथंच माझी लेखणी अडते. पुन्हा पुन्हा अडते. कुंडीचा रंग कसा होता, ओट्यावर ऊन कुठून यायचं, हे सांगत बसावंसं वाटतं. पण नको.

एका रविवारी घरात कुणी नव्हतं. दोन्ही कुंड्या शेजारी शेजारी होत्या. दोन्ही रोपं काड्यांसारखी उभी. त्या मातीत नक्की काय चाललंय? मूळ धरतं म्हणजे काय धरतं? मी वर्गात पोरांना टीपकागदावर वाल भिजवून मूळ दाखवायचो, पण कापलेल्या जागेतून मूळ फुटताना मी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं. आणि ज्याच्या हाताला यश आहे त्याच्या रोपाचं मूळ — ते वेगळं फुटत असेल का? मी चमच्याची मागची बाजू कडेनं घातली. कुंडी उथळ, मातीचा गड्डा अलगद वर आला. आणि कापाच्या कडेला मला ते दिसलं. पांढरं. सुतासारखं. इतकं नवं, की मी श्वास धरला. आजही सांगतो, इतकं सुंदर मी फार थोडं पाहिलंय. मी गड्डा परत ठेवला, माती दाबली, पाणी घातलं.

तिथंच थांबलो असतो तर?

थांबलो नाही. काही दिवसांनी पुन्हा बघितलं. मूळ वाढलं होतं. मग पुन्हा. शेवटच्या वेळी माती आड येत होती, नीट दिसत नव्हतं, म्हणून मी ते रोप बादलीत धरून खळबळून घेतलं. सगळी मुळं मोकळी झाली. उन्हात धरून मी ती न्याहाळत राहिलो. किती वेळ, आठवत नाही. डोळ्यांदेखत पांढऱ्या टोकांचा रंग जरासा उतरला, ते मी पाहिलं. आणि तरी आणखी थोडा वेळ बघत राहिलो.

आठवड्याभरात उंबराचे दोन्ही डोळे, जिथून पान फुटायचं ते कोंब, काळे पडले. खोड नखानं खरवडलं तर आत हिरवं नाही. माझ्या पिंपळाला त्याच दिवसांत तांबूस पान फुटलं.

तुम्ही विचाराल — बघायचंच होतं, तर स्वतःची कुंडी का नाही उपटली? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वर्षांत खूपदा विचारलाय. हाताच्या यशाची परीक्षा घेत होतो, असं एक उत्तर मी बरेच दिवस जवळ ठेवलं होतं. ते खोटं आहे. माझी कुंडी मी उपटली नाही, कारण ती मला जगवायची होती. इतकं साधं आहे ते. उपटलं तर मरू शकतं हे मला ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्याचं उपटलं.

बिरूला म्हणालो, "काय झालं कळत नाही रे. आपोआपच वाळलं." त्यानं ते सुकलेलं रोप हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "थंडी लय पडली औंदा." मीही म्हणालो, हो, थंडी फार पडली.

होळीच्या सुमाराला ताईंनी सगळ्यांना कुंड्या घेऊन पुन्हा बोलावलं. माझ्या पिंपळाचं कौतुक झालं, आणि मी ते घेतलं. बिरूनं ताईंची कुंडी घासूनपुसून परत नेली होती. रिकामी. ताईंनी ती हातात घेतली आणि विचारलं, "मधे कुणी मूळ हलवलं होतं का?"

सरळ प्रश्न होता. मी तिथं होतो, त्याच्या शेजारी. तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. चारचौघांत मान खाली गेली असती, एवढंच. मी गप्प राहिलो. आणि माझ्या ऐवजी बिरू बोलला, "न्हाई ताई. मास्तरांनी लय जपलं. माझाच हात कापताना चुकला आसंल."

माझाच हात. हे शब्द त्यानं तिथंच ठेवले नाहीत, घरी नेले. आईला सांगावंच लागलं. विहिरीला पाणी आलं म्हणून त्यांनी डाळिंबाची बाग धरायची ठरवली होती. खड्डे खणून झाले होते, पहिलं रोप बिरूनंच लावायचं होतं. आई म्हणाली, दत्ताच्या झाडाला कात्री लावलेला हात हाय, त्या हातानं लावू नगंस. आणि दुसऱ्या कुणाच्या हातून लावून घ्यायचं, तर पोराचा अपमान — म्हणून बाग राहिलीच. हे मला जयसिंगनं सांगितलं. तो चिडला होता. "काय खुळं हाय का रं हे! एक काडी वाळली म्हणून?" मी मान हलवली.

सिद्धनाथाच्या यात्रेला बिरूनं आम्हाला घरी नेलं, तेव्हा मी ते खड्डे पाहिले. ओळीनं, रेखून काढल्यासारखे, निम्मे मातीनं बुजलेले. एकात शेळी बसली होती. आईनं वाढलं, आग्रह केला, मी जेवलो. तेव्हाही बोललो नाही.

शाळेत कुणी कलम घेऊन आलं की बिरू म्हणायचा, "दुसऱ्या कुनाकडनं लावून घ्या, माझा हात बरा न्हाई." हसत म्हणायचा, त्यामुळं लोकांना ती थट्टा वाटायची. झाडं लावायच्या कार्यक्रमात तो हात पाठीमागं बांधून उभा राहायचा. मी ते हात बघायचो. पूर्वी बघायचो तसे नव्हे.

मग त्याची बदली म्हसवडला झाली. दोन-तीन वर्षं नुसती कार्डं जात-येत राहिली. सत्तरचं दशक सरत आलं होतं, आणि एका कार्डात त्यानं सहज लिहिलं की आई आता फार थकलीय. ती गेली की बिरूच्या हाताबद्दल तिनं ठरवलेलं कायमचं राहणार — हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. कळायला काय हरकत होती आधी? तीही चूक माझीच. मी पहिल्या गाडीनं निघालो.

बिरू ओट्यावर बसला होता, आई शेजारी उन्हात. मी चहा घेतला नाही. उभ्यानंच सांगितलं — खालच्या आवाजात, ठरवून आणलेलं सगळं. चमचा, बादली, ताईंचा प्रश्न. माझं संपल्यावर तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मला सांगून काय व्हतंय मास्तर. तिला सांगा."

आईला आता फार कमी ऐकू यायचं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. सांगितलं. ती म्हणाली, "आँ? काय म्हंतायसा?" मी पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं. तिनं हाताचा द्रोण करून कानाला लावला. "मोठ्यानं बोला की. कुनाचं काय झालं?"

शेजारच्या खोपटातून माणसं बाहेर येऊन बघायला लागली. मला माझी सगळी वाक्यं टाकून द्यावी लागली. कुतूहल, मूळ, थंडी — ओरडून सांगता येण्यासारखं त्यातलं काहीच नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकलो आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असा ओरडलो —

"आई, उंबराचं रोप मी मारलं! बिरूनं नाही! त्याचा हात चांगला आहे! मी खोटं बोललो, गप्प बसलो. चुकलं माझं, आई. बिरू, चुकलं माझं."